हँडब्रेक ओढला होता, तरी गाडी निघाली

सोमवारी, २४ नोव्हेंबर २०२५ ला, पोस्टमन आरसीचं, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं, नवं कार्ड देऊन गेला. आमच्या जुन्या गाडीला नोव्हेंबर २०३० पर्यंत मुदत मिळाली. मे महिन्यात हँडब्रेकच्या एका बारीक तक्रारीने सुरू झालेलं प्रकरण इथे संपलं. मधल्या सहा महिन्यांत मी ठेचा खात शिकत गेले. आपल्याकडे कोकणात घर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, शेत खाली आणि बाजार पलीकडच्या घाटीत. गाडी उतारावर उभी करण्याला पर्याय नसतो. म्हणून जे घडलं ते तारखांसकट लिहिते आहे.

गाडी अप्पांची. नोव्हेंबर २०१० ची नोंदणी, १२०० सीसी, पेट्रोल, हाताने गिअर टाकायची. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. अप्पा गेल्यावर ती माझ्याकडे आली आणि गेली तीन वर्षं शाळेत जाण्या-येण्यासाठी मीच वापरते. आमचं गाव गुहागर तालुक्यात, समुद्रापासून सरळ रेषेत दीड-दोन किलोमीटरवर. डांबरी रस्त्यावरून घराकडे एक अरुंद काँक्रीटची वाट खाली उतरते. तिच्या दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, आहेत आणि शेवटी आमचं बेडं, म्हणजे फाटक.

मेच्या सुरुवातीला लक्षात आलं की हँडब्रेकचा लिव्हर पूर्वीपेक्षा बराच वर येतोय. आधी पाच-सहा टक वाजल्या की गाडी घट्ट उभी राहायची, आता नऊ-दहा लागत होत्या. आणखी एक गोष्ट होत होती. घाटी उतरताना डॅशबोर्डवरचा हँडब्रेकचा लाल दिवा मधूनच लुकलुकायचा आणि सपाटीला आलं की विझायचा. लिव्हरखालचा स्विच सैल झाला असेल असं धरून मी तिकडे दुर्लक्ष केलं. हा दिवा पुढे पुन्हा येणार आहे.

१२ मेला नाक्यावरच्या एका गॅरेजात गेले. त्या मुलाने लिव्हरजवळचं कव्हर उघडलं, केबलचा नट आवळला आणि दहा मिनिटांत गाडी परत दिली. दीडशे रुपये झाले. लिव्हर पाच टकांवर आला आणि मी निश्चिंत झाले. त्याचा हेतू वाईट नव्हता. हँडब्रेक ढिला म्हटलं की केबल ताणायची, हेच सगळीकडे चालतं. पण हे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी होतं, हे मला दीड महिन्याने कळलं.

२०२५ मध्ये पाऊसही लवकर आला. २५ मेलाच मोसमी पाऊस देवगडपर्यंत पोहोचला आणि आमची वाट जूनच्या पहिल्या आठवड्यातच शेवाळून हिरवी झाली.

२९ जून, रविवार. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बाजार करून आले. पाऊस नुकताच थांबला होता. बेड्यापासून पंधरा-एक फुटांवर, नाक उताराकडे असलेली गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रलमध्ये. न्यूट्रलमध्ये ठेवायची सवय अप्पांची, तीच मी उचलली होती. गिअरमध्ये राहिलेली गाडी कुणी चुकून सुरू केली तर उडी मारेल, असं ते म्हणायचे. दार लावलं आणि बेडं उघडायला पुढे गेले. बेडं ओल्याने फुगलेलं होतं, त्याचा आडणा निघेना. मी गाडीकडे पाठ करून दोन्ही हातांनी तो ओढत होते.

तेवढ्यात मागून खडी चिरडल्याचा आवाज आला. टायरखाली बारीक खडी दबते ना, तसा, एकसारखा, हळू. वरच्या अंगाने शेजारच्या काकी ओरडल्या, "अगो बाजूला हो, गाडी चालली!" मी वळून बघितलं तर गाडी माझ्याकडे येत होती. फार वेगात नव्हती, माणूस चालतो त्या वेगाने. कशी ते आठवत नाही, पण मी डाव्या गडग्याला चिकटले. थांबताना पुढची चाकं थोडी उजवीकडे वळलेली राहिली होती, त्यामुळे गाडी उजव्या गडग्यावर गेली. पाच चिरे खाली आले, बंपर फाटला, उजवा दिवा फुटला. चाकं सरळ असती तर गाडी बेड्यावर आली असती, आणि बेड्यासमोर मी उभी होते.

काकींनी मला पडवीत बसवून गूळ-पाणी दिलं. हात-पाय असे गळाले होते की पेला धरवत नव्हता. हँडब्रेक बघितला तर ओढलेलाच होता, पाच टकांवर.

त्या रात्री मी दोनदा उठून कंदिलाच्या कोनाड्याजवळच्या खिडकीतून गाडी जागेवर आहे का ते बघितलं. माझ्या मुलाने चारही चाकांना चिरे लावले होते, तरी बघितलं. हे पुढे महिनाभर चाललं. असं कुणाचं होत असेल तर घाबरू नका, गाडीवर पुन्हा विश्वास बसायला वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी मुलाने फोनमधल्या लेव्हलने वाटेचा उतार मोजला. नऊ अंश भरला, म्हणजे साधारण १६ टक्के: शंभर फूट गेलं की सोळा फूट खाली. तो बारावीला आहे. त्याने हिशोब करून दाखवला की नऊशे किलोच्या गाडीला एवढ्या उतारावर साधारण १४० किलोची ओढ बसते आणि ती सगळी मागच्या दोन चाकांतल्या हँडब्रेकला पेलायची असते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत तर भरलेली मोटार २० टक्के चढ-उतारावर नुसत्या पार्किंग ब्रेकवर उभी राहिली पाहिजे, असं आहे. म्हणजे आमची वाट अवघड असली तरी ब्रेकच्या आवाक्यातली होती. वाटेला आणि शेवाळाला दोष देऊन चालणार नव्हतं.

विम्याचं लवकर उरकते. माझा विमा सर्वंकष होता आणि पाच वर्षं दावा न केल्यामुळे नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, ५० टक्क्यांवर पोहोचला होता. बंपर आणि दिवा मिळून खर्च ६,८०० रुपये. १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला दाव्यातले पहिले १,००० रुपये आपल्यालाच भरावे लागतात आणि प्लास्टिकच्या भागांची निम्मी किंमत घसारा म्हणून कापली जाते. हातात अडीच-तीन हजार आले असते आणि बोनस शून्यावर गेला असता. तो पुन्हा २० टक्क्यांपासून चढत ५० पर्यंत जायला पाच वर्षं लागतात. म्हणून दावा केला नाही. गडगा काकींच्या हद्दीतला. गवंडी, पाच चिरे आणि सिमेंट मिळून १,३५० रुपये मी दिले. काकी नको म्हणत होत्या, पण दिले.

आता मुख्य काम. सहकारी शिक्षकांनी शृंगारतळीतल्या एका जुन्या मेकॅनिकचं नाव सुचवलं. त्यांना सगळे चाचा म्हणतात, मीही तेच म्हणते. फोनवर सगळं ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बाई, ब्रेक ऑइलची डबी बघितलीत का?" बॉनेट उघडून बघितलं तर ऑइल खालच्या रेघेच्याही खाली होतं. ते म्हणाले, "गाडी हलवू नका. मी येतो."

लाल दिव्याचा उलगडा इथे झाला. पुष्कळ गाड्यांत हँडब्रेकचा दिवा आणि ब्रेक ऑइल कमी झाल्याचा दिवा एकच असतो. ऑइल कमी झालं की उतारावर डबीतलं ऑइल एका बाजूला कलतं, आतला तरंगता भाग खाली बसतो आणि दिवा लागतो. सपाटीला आलं की विझतो. दोन महिने गाडी मला सांगत होती आणि मी स्विचवर खापर फोडत होते. हँडब्रेक खाली केल्यावरही हा दिवा लागला, अगदी क्षणभर लागला, तरी आधी ऑइल बघा.

२ जुलैला चाचा एका मुलाला घेऊन आले, ऑइल भरलं, पायब्रेक तपासला आणि सावकाश गाडी घेऊन गेले. ३ जुलैला शाळा सुटल्यावर मी गॅरेजात पोहोचले. ड्रम माझ्यासमोर उघडा असं मी सांगितलं होतं. हा आग्रह तुम्हीही धरा. आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय यातलं काही कळत नाही.

डावा ड्रम गंजून बसला होता. चाचांनी त्याच्या तोंडावरच्या दोन भोकांत दोन बोल्ट घातले आणि आळीपाळीने थोडे थोडे आवळत नेले. ड्रम करकरत बाहेर सरकला आणि एकदम सुटला. आत काजळासारखा काळा चिखल होता. चाचांनी मला लांब थांबायला सांगितलं, फुंकर मारू नका म्हणाले, ती धूळ छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसत गेले तसे भाग दिसू लागले: अर्धगोल दोन शू, त्यांवर लायनर, वरच्या बाजूला बोटाएवढं व्हील सिलिंडर, जे पायब्रेक दाबला की शू ड्रमवर ढकलतं. सिलिंडरच्या टोकाची रबरी टोपी त्यांनी नखाने उचलली तसं आतून ब्रेक ऑइल ओघळलं. शूचा लायनर त्याने भिजून गुळगुळीत झाला होता. मी बोट लावून बघितलं, शेंगदाण्याच्या तेलात बुडवलेल्या पाटीसारखं लागलं. याच लायनरने ड्रम धरायचा होता.

उजवीकडे ऑइल नव्हतं, पण तिथला ॲडजस्टर गंजून जाम झाला होता. लायनर झिजतो तसा हा ॲडजस्टर शूंना थोडं थोडं बाहेर सरकवतो, म्हणजे शू आणि ड्रम यांतलं अंतर वाढत नाही. तो अडकला, अंतर वाढलं आणि लिव्हर नऊ-दहा टकांवर गेला. नाक्यावर हे अंतर केबल ताणून भरून काढलं गेलं. केबल जास्त ताणली की ड्रमच्या आतला लिव्हर कायम थोडा ओढलेला राहतो, शू जागेवर परत बसत नाहीत आणि मग चांगला ॲडजस्टरही काम करेनासा होतो. म्हणून क्रम असा: आधी ड्रम उघडून शू बघायचे, ॲडजस्टर मोकळा करून अंतर नीट लावायचं, आणि केबलला हात सगळ्यात शेवटी.

चाचा म्हणाले ते मला फार पटलं. "टक मोजून लिव्हर किती उचलला ते कळतं, बाई. ड्रमने किती धरलं ते नाही कळत." माझ्या पाच टक बरोबर होत्या. पण डावं चाक तेलकट होतं, उजवं अर्धवट धरत होतं आणि गाडी काठावर उभी होती. दार लावल्याचा हिसका तेवढा पुरला. त्यात नाक उताराकडे असलं की गाडीचा भार पुढच्या चाकांवर जातो, मागची हलकी होतात, आणि हँडब्रेक मागच्याच चाकांना असतो. खाली शेवाळ असेल तर चांगल्या ब्रेकची गाडीही चाकं न फिरता घसरू शकते.

केबलही गेलीच होती. बाहेरच्या वेष्टणाचं रबर फाटून खारट चिखलपाणी आत गेलं होतं आणि तार गंजून फुगली होती. अशी केबल ओढायला जड जाते आणि सोडल्यावर परत येत नाही. समुद्राकाठच्या गाड्यांत हे नेहमीच दिसतं असं चाचा म्हणाले.

डावी केबल मिळाली, उजवी तालुक्यात नव्हती. ती कोल्हापूरहून मागवली. आज येईल, उद्या येईल करत ९ जुलैला आली. आठवडाभर मी एसटीने शाळेत गेले, दोन दिवस अर्धा तास उशीर झाला. गुरुपौर्णिमेला, १० जुलैला, गाडी हातात आली. बिल असं: शूंचा संच १,१५०, दोन व्हील सिलिंडर ९००, दोन केबल १,४००, ब्रेक ऑइल २२०, लेथवर ड्रम घासून घेणं ४००, मजुरी १,२००. एकूण ५,२७०. सिलिंडर गळत होतं एकीकडचं, पण चाचांनी दोन्ही बदलली. दुसरंही तेवढ्याच वयाचं होतं आणि पुन्हा ड्रम उघडायची मजुरी वाचली. सिलिंडर बदललं की नळ्यांतली हवा काढावी लागते. ती काढली ना, हे विचारून घ्या, नाहीतर पायब्रेक पोकळ लागतो.

निघताना चाचांनी बजावलं, नवे शू ड्रमला बसायला वेळ लागतो, तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा आणा. मी हो म्हटलं आणि विसरले. याचा परिणाम पुढे येतो.

त्याच दिवशी त्यांनी मला गाडी उभी करायची पद्धत नव्याने शिकवली. गॅरेजामागच्या चढावर सहा-सात वेळा करून घेतली. पायब्रेक दाबून गाडी थांबवायची. गिअर न्यूट्रल. हँडब्रेक पूर्ण ओढायचा. मग पायब्रेकवरून पाय एकदम न उचलता हळूहळू सैल करायचा, म्हणजे भार हँडब्रेकवर येतो आणि तो धरतोय की नाही हे आपण सीटवर असतानाच कळतं. गाडी जरा जरी सरकली तरी पाय तिथेच आहे. धरली की पुन्हा पायब्रेक दाबून इंजिन बंद आणि गिअर टाकायचा: नाक चढाकडे असेल तर फर्स्ट, उताराकडे असेल तर रिव्हर्स. शेवटी चाकं वळवायची, अशी की गाडी सुटलीच तर दरडीकडे किंवा गडग्याकडे जाईल, रस्त्यावर किंवा दरीकडे नाही. अप्पांची भीती रास्त होती, पण तिच्यावर उपाय सोपा आहे. गाडी सुरू करताना क्लच पूर्ण दाबूनच चावी फिरवायची. दोन-चार दिवसांत हे अंगवळणी पडतं.

चाकाला दगड लावायचा तर तो उताराच्या बाजूने, टायरला चिकटवून लावा आणि निघताना उचलून गाडीत ठेवा. वाटेत राहिलेला दगड रात्री दुचाकीवाल्याच्या जिवावर बेततो. मी गोल दगड टाकून दिला आणि सुताराकडून फणसाच्या लाकडाचे दोन पाचरीसारखे ठोकळे करून घेतले. ऐंशी रुपये लागले. ओल्या काँक्रीटवर ठोकळा सरकू नये म्हणून खालून जुन्या टायरचा तुकडा ठोकला.

मे ते ऑक्टोबर गाडी चार-आठ दिवस एका जागी राहणार असेल तर मात्र उलटं करा. सपाट जागा बघा, गिअरमध्ये ठेवा, ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडून द्या. ओल्यात शू ड्रमला गंजून चिकटतात आणि मग गाडी हलत नाही. आमच्या शेजारच्या चाकरमान्यांची गाडी दोन वर्षांपूर्वी अशीच अडकली होती.

यातला मला सगळ्यात अवघड गेलेला भाग चढावर गाडी उचलण्याचा. थांबलेल्या गाडीची भीती होतीच, त्यात आता मागे सरकण्याची बसली. जुलैत रोज संध्याकाळी मुलाला बाजूला बसवून वरच्या मोकळ्या चढावर सराव केला. हँडब्रेक ओढलेला, फर्स्ट गिअर, थोडा ॲक्सिलरेटर, क्लच हळू सोडत आणायचा. गाडीचं नाक किंचित उचललं जातं, इंजिनाचा आवाज जड होतो. तिथे क्लच धरून ठेवायचा आणि मग हँडब्रेक खाली. गाडी एक इंचही मागे जात नाही. बरेच जण चढावर हँडब्रेक न वापरता हाफ क्लचवर गाडी तोलून धरतात. त्याने क्लच प्लेट जळते, तो करपट वास घाटात आपण सगळ्यांनी घेतला आहे. लायसन्सच्या परीक्षेत चढावर थांबून हँडब्रेकच्या मदतीने मागे न सरकता गाडी उचलणं नियमातच आहे. मी ते एकदा करून दाखवलं होतं आणि नंतर वापरलंच नव्हतं.

खरी परीक्षा गणपतीत झाली. २९ ऑगस्टला बाजाराच्या चढावर मुंबईच्या गाड्यांची रांग लागली होती. पुढे एसटी अडकलेली, मागची गाडी माझ्या बंपरपासून हातभर. वीस मिनिटांत अकरा वेळा थांबले आणि अकरा वेळा उचलली. एकदाही मागे गेली नाही. चढ संपल्यावर गाडी बाजूला घेतली आणि पाच मिनिटं नुसती बसून राहिले. डोळ्यांत पाणी होतं.

आता आरटीओचं. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नूतनीकरणाचा अर्ज, म्हणजे नमुना २५, मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत करता येतो, त्याच्या आधी नाही. मुदत टळली तर मोटारीला महिन्याला ५०० रुपये विलंब शुल्क आहे. मी घटस्थापनेला, २२ सप्टेंबरला, परिवहनच्या संकेतस्थळावर अर्ज भरला. शुल्क ५,००० रुपये, स्मार्ट कार्डाचे २००, आणि पर्यावरण कर वेगळा. आरसी, चालू विमा, पीयूसी, पॅन आणि चॅसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट लागला. पेन्सिल प्रिंट घरीच घेतला. नंबरवर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासायची, पण आधी नंबरवरचा गंज रॉकेलच्या बोळ्याने पुसून घ्या, नाहीतर आकडे उमटत नाहीत. नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट मी उन्हाळ्यातच बसवली होती, ७४५ रुपये अधिक जीएसटी. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती लागतेच आणि नसेल तर पुढची कामं अडतात.

तपासणीची तारीख १४ ऑक्टोबर मिळाली. शाळेतून रजा घेतली, सकाळी सहाला निघाले. साडेदहाला रांगेत तिसरा नंबर होता, साडेबाराला बोलावलं. निरीक्षकांनी दिवे, वायपर, हॉर्न, टायर आणि चॅसिस नंबर बघितला. मग गाडी ट्रॅकवरच्या चढावर थांबवायला सांगितली. "हँडब्रेक ओढा, दोन्ही पाय वर घ्या." मी घेतले. गाडी थांबली. माझ्या छातीतले ठोके मला ऐकू येत होते. त्यांनी खिडकीतून लिव्हरकडे बघितलं आणि म्हणाले, "धरतोय, पण फार वर येतोय. ॲडजस्ट करून आणा, मग पास करतो."

नवे शू ड्रमला बसले होते, लिव्हर आठ टकांवर आला होता आणि तीनशे किलोमीटरवर चाचांकडे जायचं मी विसरले होते. रजा वाया गेली. पण त्यांचं बरोबरच होतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ प्रमाणे चालकाविना उभी केलेली गाडी आपोआप चालू लागणार नाही याची जबाबदारी चालकावरच आहे. २९ जूनची संध्याकाळ आठवली आणि मी त्यांचे आभार मानले.

मधे दिवाळी आली. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी चाचांकडे गेले. मागची चाकं उचलून त्यांनी आधी ॲडजस्टर लावले, हाताने चाक फिरवून ते मोकळं फिरतंय ना ते बघितलं, आणि मग केबलचा नट फक्त एक फेरा. दोनशे रुपये, पाऊण तास. लिव्हर सहा टकांवर आला. मग ते म्हणाले, आता त्याच चढावर न्या आणि पाय हळू सोडून बघा. बघितलं. धरला.

२८ ऑक्टोबरला पुन्हा रजा, पुन्हा पहाटे निघणं. या वेळी पंधरा मिनिटांत काम झालं. त्यानंतर कार्ड यायला सत्तावीस दिवस लागले. तोवर पावतीची प्रत गाडीत ठेवली होती.

चाचांनी त्यांच्या वहीत माझा नंबर लिहून ठेवला आहे. १० मेला, पाऊस यायच्या आधी, दोन्ही ड्रम पुन्हा उघडायचे आहेत.